फसवणूक झाल्यावर क्षमा करावी की हक्क मागावा?



आयुष्यभर काटकसर करून साठवलेली पुंजी कुणी गोड बोलून लुबाडतो, तेव्हा पैशाबरोबर बरेच काही जाते. मुलीच्या लग्नाची, म्हातारपणीच्या औषधपाण्याची निश्चिंती जाते आणि माणसावरचा विश्वास उडतो. अशा वेळी साधकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : ‘मी नामस्मरण करतो, ध्यान करतो. मग मी क्षमा करून गप्प बसावे का? पैसे परत मागितले तर ती आसक्ती ठरेल का?’

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर आपल्याला महाभारतात मिळते.

शकुनीच्या कपटद्यूतात पांडवांचे सर्वस्व गेले. द्रौपदीला सभेत आणण्यासाठी दूत आला, तेव्हा तिने त्याच्याबरोबर एक प्रश्न परत पाठवला : युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की मला? संकटाच्या त्या क्षणीही तिने नियमावर बोट ठेवले. सभेतील वडीलधारे निरुत्तर झाले. कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलला.

पुढे बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पूर्ण झाल्यावर पांडवांनी आपला वाटा परत मागितला. क्षमेचे गुणगान करणारा युधिष्ठिरही मागायला लाजला नाही. वैर वाढू नये म्हणून तो केवळ पाच गावांवर समाधान मानायला तयार होता. हे मागणे घेऊन साक्षात श्रीकृष्ण हस्तिनापुरास गेले. दुर्योधन ऐकणार नाही, असे विदुराने त्यांना आधीच सांगितले होते. तरीही ते मागे फिरले नाहीत. धर्मकार्यासाठी शक्ती असेल तेवढा प्रयत्न करावा, यश आले नाही तरी त्याचे पुण्य मिळते, हा त्यांचा भाव होता. पुढे युद्ध झाले. आपल्याला मात्र शस्त्र उचलायचे नाही, कारण आपल्यासाठी आज कायदा आणि न्यायालय आहे.

काही जण म्हणतात, ‘माझे पूर्वकर्म असेल, म्हणून पैसे गेले.’ पण कर्मसिद्धांत हात बांधून बसायला सांगत नाही. ज्याने फसवले त्याचे कर्म त्याच्यापाशी आहे. आता आपण काय करतो, हे आपले कर्म आहे. शिवाय आपण गप्प राहिलो, तर तोच माणूस उद्या दुसऱ्या घराचे दार ठोठावेल. म्हणून तक्रार करणे ही सेवासुद्धा आहे.

मग क्षमेचे काय? वाणिज्य शाखेत शिकताना मला याचे एक साधे उदाहरण सापडले. एखादे येणे बुडाले असे वाटले, तर व्यापारी ते आपल्या वहीतून वजा करतो. त्यामुळे वही स्वच्छ राहते, पण तेवढ्याने वसुलीचा हक्क संपत नाही. पुढे रक्कम आलीच, तर ती बुडीत येण्याची वसुली म्हणून जमा होते. क्षमा अशीच असते. मनाच्या वहीतून द्वेष वजा करायचा आणि हक्काचा अर्ज चालू ठेवायचा. दोन्ही एकाच वेळी करता येते.

यासाठी धीर मात्र लागतो. सहारा समूहाच्या चार सहकारी संस्था लखनौ, भोपाळ, कोलकाता आणि हैदराबाद येथे नोंदलेल्या होत्या. त्यांत देशभरातील सामान्य लोकांच्या ठेवी अडकल्या. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी ५,००० कोटी रुपये देण्याचा आदेश दिला आणि १८ जुलै २०२३ रोजी परताव्याचे पोर्टल सुरू झाले. सुरुवातीला प्रत्येकाला १०,००० रुपयांपर्यंतच रक्कम मिळणार होती. कष्टाच्या पैशापुढे ती थोडी वाटेल, पण दावा करण्यासाठी सभासद क्रमांक, ठेव खाते क्रमांक, पासबुक किंवा ठेवीचे प्रमाणपत्र लागत होते. ज्यांनी निराश होऊन कागद फेकले नाहीत, त्यांना ते कामी आले.

म्हणून असे काही घडले तर पुढील गोष्टी श्रद्धेने करा.

– ऑनलाइन फसवणूक असेल तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते.
– बेकायदा ठेव योजना असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानुसार अशा योजना चालवणाऱ्यांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे देण्याची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही तक्रार करता येते.
– पावत्या, पासबुक, संदेश जपून ठेवा. एकटे फिरण्यापेक्षा इतर ठेवीदारांबरोबर मिळून पाठपुरावा करा.
– ‘आधी शुल्क भरा, मग बुडालेले पैसे काढून देतो’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. ती दुसरी फसवणूक असते.
– रागाच्या भरात कुणाच्या घरावर चालून जाऊ नका. पुष्कळदा गावातल्या एजंटाचीही पुंजी त्यातच बुडालेली असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरच्यांपासून लपवू नका. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे. मन फार खचले तर जवळच्या माणसाशी त्याच दिवशी बोला. आणि आपल्या ओळखीत कुणी फसले असेल, तर ‘एवढा लोभ कशाला केलास?’ असे विचारण्याआधी विकर्ण आठवा. त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत जा, त्यांचा अर्ज भरून द्या. एखाद्या वृद्ध माणसासाठी तो एक तास मोठा आधार असतो.

रोज ध्यानाला बसताना एवढीच प्रार्थना करूया : हे प्रभो, माझ्या हक्कासाठी उभे राहण्याचे बळ मला दे. माझ्या मनात कुणाविषयी विष साठू देऊ नकोस. माझ्या हातून कुणाचा एक पैसाही बुडू देऊ नकोस. प्रयत्न माझा, फळ तुझ्या हाती.