‘बाय’ आणि कर्तृत्व

कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशीं, कोंडाणे येथें बौद्ध लेणीं आहेत. तीं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचीं असावींत असें विद्वान् मानतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागीं एका यक्षमूर्तीचें भग्न मस्तक असून त्याजवळ ब्राह्मी लिपींत एक लहानसा प्राकृत लेख कोरलेला आहे. कण्हाचा अंतेवासी बलक यानें हें केलें, इतकाच त्याचा अर्थ. या लेखाचें इंग्रजी करूं लागलें म्हणजे ‘बलकेन’ या तृतीयान्त पदासाठीं ‘बाय’ या अव्ययाचा आश्रय करावा लागतो. आणि तेथेंच एक जुना नैतिक प्रश्न उभा राहतो. अमकें कृत्य अमक्यानें केलें असें म्हणतांना आपण त्या मनुष्याच्या पदरीं नेमकें काय घालतों?

‘बाय’ हा शब्द दिसण्यांत लहान, पण त्याचा व्याप मोठा. नदीकांठचें घर सांगतांना तो सान्निध्य दाखवितो. सोमवारपर्यंत काम व्हावें असें सांगतांना मुदत दाखवितो. आगगाडीच्या प्रवासांत साधन, तर वजनानें विकलेल्या मालांत परिमाण दाखवितो. यांपैकीं सान्निध्य हा जुना अर्थ. कर्त्याचा अर्थ त्याला मागाहून जडला. 1611 सालच्या इंग्रजी बायबलांत कर्त्यासाठीं अनेकदां षष्ठीदर्शक ‘ऑफ’ आढळतो. जो कृत्यापाशीं उभा तो कर्ता, असा ‘बाय’चा प्रवास झालेला दिसतो. परंतु कृत्याच्या जवळ असणें निराळें आणि तें करणें निराळें, हें व्यवहारांत विसरून चालत नाहीं.

संस्कृतानें व मराठीनें दुसरी वाट धरली. पाणिनीनें कर्ता आणि करण या दोहोंस तृतीयाच सांगितली. सुतारानें पटाशीनें लांकूड कोरलें, या वाक्यांत माणूस आणि हत्यार एकाच प्रत्ययाचे धनी आहेत. इंग्रजी मात्र कर्मणि रचनेंत सुताराला ‘बाय’ देते व पटाशीला ‘विथ’. आमच्या ‘नें’मध्यें, मनुष्य हाहि शेवटीं निमित्तमात्र, या नम्र भावनेला जागा आहे. पण तीच नम्रता पळवाटहि होऊं शकते. यशाच्या वेळीं आपण ‘मीं केलें’ म्हणतों. अपयश आलें कीं ‘माझ्या हातून झालें’ म्हणून हाताला पुढें करतों. कचेरीच्या भाषेंत तर हातहि उरत नाहीं. ‘निर्णय घेण्यांत आला आहे’ एवढें लिहिलें कीं कर्ता अंतर्धान पावतो. इंग्रजींतहि ‘बाय’ गाळला कीं हेंच साधतें. व्याकरण अशा वाक्याला निर्दोष ठरवितें. ज्याला त्या निर्णयाची झळ लागते, त्यानें मात्र दाद कोणाकडे मागावी?

या कसोटीवर बलकाची ती ओळ पाहण्यासारखी आहे. गुरूचें नांव षष्ठींत, स्वतःचें तृतीयेंत. गुरूचें ऋण त्यानें मान्य केलें, पण कामाचा भार गुरूवर टाकला नाहीं. छिन्नी त्यानें स्वतः धरली कीं दुसऱ्याकडून धरविली, हें त्या तृतीयेवरून ठरत नाहीं. आणि खडक फोडणाऱ्या इतर हातांना तेथें जागा मिळाली नाहीं, हें त्या लेखाचें उणेंपण खरेंच. तरीहि कृत्यापाशीं कर्त्यानें आपलें नांव ठेवणें यांत केवळ अभिमान आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. जो नांव कोरतो तो स्तुतीबरोबर दोषालाहि आपला पत्ता देऊन ठेवतो. ‘हें मीं केलें’ असें काम बिघडल्यावरहि म्हणण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच तें काम साधल्यावर म्हणण्याचा अधिकार आहे.