पतनाचा निवाडा

मेजाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पित भूमिकांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला, आणि पुढल्याच वर्षी त्यात 'पॅलाडिन' नामक धर्मयोद्ध्याचा प्रवेश झाला. नुसत्या स्पर्शाने व्याधी हरण करण्याचे त्याचे सामर्थ्य सन्मार्गाच्या अटीवर बहाल केलेले असे. जाणूनबुजून दुष्कर्म केले की ती सनद कायमची रद्द होई. १९८९च्या नियमावलीतील कलम तर याहून कठोर आहे: मंत्रप्रभावाने बुद्धी परतंत्र झालेली असताना हातून पाप घडले, तरीही प्रायश्चित्त घेईतो त्याचे पद जाते, आणि हा निवाडा देतो खेळाचा सूत्रधार, म्हणजे देवाच्या आसनावर बसलेला एक मनुष्यच. २०१४च्या आवृत्तीने योद्ध्याचे सामर्थ्य देवाच्या मर्जीवरून त्याच्या शपथेवर आणले खरे. पण बळाने मोडविलेल्या व्रताचे पातक व्रतस्थाच्या माथी बसते काय, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

मध्य प्रदेशातल्या बैहरच्या पठारावर हा प्रश्न खेळातला राहत नाही. येथला बैगा आदिवासी खांद्यावर कुऱ्हाड बाळगतो, पण त्याचे क्षात्र म्हणावयाचे तर ते गावाच्या शिवेचे आणि वाघापासून गुराढोरांचे मंत्राने रक्षण करण्याचे आहे, आणि गोंडांच्या गावांतूनही हे पौरोहित्य परंपरेने त्याच्याचकडे चालत आले आहे. धरणीमातेचे अंग नांगराने विदारू नये हे त्याचे व्रत. म्हणून झाडे तोडावी, वाळली की जाळावी, आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत कोदो-कुटकी फेकावी, अशी त्याची बेवर शेती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने ती बंद करण्याचा हुकूम काढला, १८९०च्या सुमारास शेजारच्या मंडला जिल्ह्यात 'बैगाचक' हे क्षेत्र तेवढे बेवरीसाठी राखून ठेवले, आणि इतरत्र बैग्याच्या हाती नांगर दिला. मातेला जखम केल्याची त्याची व्यथा मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली आपल्या ग्रंथात नोंदवली आहे.

हा बैगा पतित झाला, असे मला क्षणभरही मान्य नाही. आपल्याकडे प्रायश्चित्ताचा विचार दंडापेक्षा परत घेण्याच्या अंगाने झालेला आहे. बळाने भ्रष्ट केलेल्यांसाठी देवलस्मृतीने शुद्धी सांगितली. आणि औरंगजेबाने मुसलमान करून काबूलकडे धाडलेल्या नेताजी पालकरांना १६७६ साली शिवाजी महाराजांनी विधिपूर्वक स्वधर्मात घेतले. नेताजींनी महाराजांची बाजू आधी सोडली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या औदार्याची थोरवी कळते. बैग्याकडे तर तेवढाही दोष नव्हता, आणि त्याच्याकडून नांगर धरविणाऱ्यांपाशी प्रायश्चित्त कोणी मागितले नाही.

निवाड्याचा अधिकार मी सूत्रधाराला देणार नाही, सरकारी दप्तराला तर नाहीच; ज्यांच्यासाठी व्रत पाळले जाते, त्यांना देईन. येथे तो निवाडा गोंड शेतकऱ्यांनी कधीच दिला आहे: बैग्याने नांगर धरला म्हणून त्यांनी त्याचे पौरोहित्य काढून घेतले नाही, आणि पेरणीआधीच्या बिदरीच्या पूजेत बी ते आजही त्याच्याच हाती देतात.