रतामाच्या झुडुपाखालील भाकर

शास्त्रभाग : १ राजे १८:४५ ते १९:२१



शास्त्रांतील हा भाग आपण घरीं सर्वांनीं मिळून एका बैठकीस वाचावा, अशी विनंति आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटीं एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावरून उतरतो, आणि भर पावसांत अहाब राजाच्या रथापुढें इज्रेलच्या वेशीपर्यंत धांवत जातो. त्या दिवशीं त्याला थकवा म्हणून ठाऊक नाहीं. पान उलटावें, तों तोच पुरुष एक दिवसाची वाट रानांत चालून गेला आहे, रतामाच्या झुडुपाखालीं बसला आहे, आणि आपला प्राण घ्यावा अशी देवाला विनवणी करीत आहे. चाकराला त्यानें मागेंच सोडिलें आहे. जवळ कोणी नाहीं.

एलीयाला अमुक एक रोग होता, असें ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं. त्याच्यामागें ईजबेल राणीचा खरा धाक होता. परंतु इतकें उंच शिखर व इतकी खोल दरी एकाच माणसाच्या वाट्यास येऊं शकते, आणि तो माणूस दोन्ही ठिकाणीं देवाचाच असतो, हें शास्त्र आपणांस उघड सांगतें. आज ज्या आजाराविषयीं लिहावयाचें आहे, त्या आजाराच्या माणसास हें ऐकण्याची फार गरज आहे.

या आजारास डॉक्टर बायपोलर म्हणतात. मराठींत त्याला द्विध्रुवी मनोविकार असें नांव आहे. यांत माणसाचें मन कांहीं काळ अतिशय चढतें व कांहीं काळ अतिशय उतरतें. चढतीच्या दिवसांत त्याला दोनतीन तास झोंप पुरते आणि तरी शीण वाटत नाहीं. बोलणें आवरत नाहीं. एक बेत पुरा होण्यापूर्वीं दुसरा सुचतो. पैसा पाण्यासारखा जातो. कोणी अडविलें तर राग भडकतो. उतरतीच्या दिवसांत तोच माणूस अंथरुणांतून उठत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, आपण सर्वांस भार झालों असें त्यास वाटतें, आणि मरणाचे विचार येऊं लागतात. मधल्या काळांत तो बहुधा तुमच्याआमच्यासारखाच असतो. हा विकार पुष्कळदां तरुणपणीं डोकें वर काढितो, आणि कांहीं घराण्यांत तो एकाहून अधिक जणांस होतो. २०१७ सालच्या अंदाजाप्रमाणें भारतांत सुमारें ७६ लाख लोकांना तो होता. तेव्हां आपल्या मंडळींत असा कोणी नाहीं, असें कोणत्याहि पाळकानें समजूं नये.

येथें आम्हां उपदेश करणारांस एक कबुली दिली पाहिजे. आमच्या मंडळ्यांत या माणसावर दुहेरी अन्याय होतो. चढतीच्या दिवसांत तो रात्रभर प्रार्थना करितो, पहांटे आळोआळीं साक्ष देत फिरतो, दानाच्या थैलींत सारा पगार टाकितो. आणि आम्ही म्हणतों, पाहा, आत्म्याचा केवढा आवेश! महिन्यानें तो उपासनेस येईनासा होतो. आणि आम्ही म्हणतों, याचा विश्वास थंड झाला, कांहीं झांकलेलें पाप असेल. दोन्ही वेळां आम्हीं रोगाला भलतेंच नांव दिलें. ती चढती वरदान नव्हती, आणि ती उतरती पाप नव्हती. खऱ्या आवेशाच्या माणसाला रात्रीं झोंप येते, आणि दुसऱ्याचें बोलणें ऐकूंहि येतें.

शिवाय गांवांत या विकाराचें खापर बाहेरच्या बाधेवर फोडितात. शेजारी आपल्या मुलास भगताकडे नेतात. आपण ख्रिस्ती लोक भगताच्या दारीं जात नाहीं असें अभिमानानें सांगतों, आणि प्रार्थनेनें भूत काढूं म्हणणाऱ्या कोणाच्या तरी सभेस त्यास नेतों, आणि त्याच्या शब्दावर डॉक्टरच्या गोळ्या बंद करितों. दार पालटलें, गोष्ट तीच राहिली.

रोगाला पाप व रोग्याला कलंक समजण्याची ही खोड जुनी आहे, आणि तिची एक खूण मुंबईंत माटुंग्यास आहे. माटुंगा हें नांव आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. गांवाकडचे कितीतरी लोक तेथल्या रेल्वेच्या कारखान्यांत राबले; कितीतरी मुलें तेथल्या कॉलेजांत शिकलीं. आज तेथें दाट वस्ती व सुंदर बागा आहेत. परंतु १८९० सालीं तो भाग शहराच्या कडेला होता, आणि म्हणूनच रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या निराधार कुष्ठरोग्यांसाठीं तेथें आश्रम उघडण्यांत आला. त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ साहेब यांनीं त्यासाठीं पुढाकार घेतला. आपले मराठी पोवाडे गोळा करून छापविणारे ते हेच ॲक्वर्थ. त्यांच्या नांवाचें रुग्णालय आतां वडाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागांत अजून आहे.

त्या काळीं कुष्ठरोगावर गुणकारी औषध नव्हतें, आणि एकास रोग झाला कीं सारें घराणें डागाळलें असें लोक मानीत. १८९८ सालीं निराधार कुष्ठरोग्यांस निराळें ठेवण्याचा कायदा झाला. पुढें १९८२ सालापासून एकाहून अधिक औषधें एकत्र देण्याचा उपचार सुरू झाला, आणि हा रोग घरीं राहूनहि पुरा बरा होऊं लागला. तरी तो जुना कायदा २०१६ सालीं रद्द झाला. औषध आलें, परंतु लाज पुढेंहि कित्येक वर्षें रेंगाळली. मनाच्या आजाराची आज तीच स्थिति आहे. उपचार आहे, आपणच रोग्यास गांवाच्या कडेला ठेविलें आहे.

प्रभु येशूनें कुष्ठरोग्यास हात लाविला, हें आपल्या मुलांनाहि ठाऊक आहे. परंतु याजकाकडे जाऊन स्वतःस दाखव, असेंहि त्यानें त्या माणसास सांगितलें (मार्क १:४०-४४), हें आपण विसरतों. त्या काळीं हा रोग पारखण्याचें काम याजकाकडे होतें. स्पर्श आणि तपासणी, दोन्ही प्रभूनें एकत्र ठेविलीं. तीं आपण वेगळीं करूं नयेत.

आतां झुडुपाखालीं परत येऊं. देवानें एलीयाला कसें वागविलें? त्यांत चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, झोंप आणि अन्न. देव त्याच्यावर रागावला नाहीं. त्यानें त्यास निजूं दिलें. मग दूतानें हात लावून उठविलें, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी पुढें ठेविलें, पुन्हां निजूं दिलें, आणि पुन्हां खाऊं घातलें. उपदेश त्यानंतर झाला, तोहि चाळीस दिवसांनीं. आपण मात्र आधीं उपदेश करितों. द्विध्रुवी विकाराच्या माणसास नियमित झोंप हें अर्धें औषध आहे; एकदोन रात्रींच्या जागरणानेंहि चढती सुरू होऊं शकते. म्हणून त्यानें रात्रपाळी, लग्नांतलीं जागरणें व रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनासभा टाळाव्या, आणि मंडळीनें त्याबद्दल त्यास एक शब्दहि बोलूं नये. ठरल्या वेळीं निजणें, उठणें, जेवणें, कामास जाणें, आणि दारूगांजापासून दूर राहणें, ही त्याची रोजची आज्ञाधारकता होय.

दुसरी गोष्ट, औषध. भाकर दूतानें आणिली, तरी ती भाकरच होती. देवाची कृपा पुष्कळदां अशा साध्या पदार्थांतून येते. चढतीच्या दहा रोग्यांना लिथियम नांवाच्या धातूचा क्षार दिल्याची हकीकत ऑस्ट्रेलियांत डॉ. जॉन केड यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केली. हे डॉक्टर महायुद्धांत तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांच्या कैदेंत राहिलेले होते. त्यांचा पहिला रोगी पांच वर्षें बेभान होता. कांहीं महिन्यांत तो घरीं गेला व आपल्या जुन्या कामावर लागला. पुढें त्यानें औषधाची हयगय केली, मग तें सोडिलें, आणि आजार परतला. बंधूंनो, बरा झालों म्हणून गोळी सोडणें ही पहिल्याच रोग्याची चूक आजहि घरोघर होत आहे. गोळीमुळें बरें वाटत होतें, हें ती सोडिल्यावर कळतें.

या औषधास माप आहे. आरंभीं तें माप नीट ठाऊक नसल्यामुळें कांहीं रोगी दगावले. म्हणून लिथियम घेणाऱ्यानें डॉक्टर सांगतील तेव्हां रक्त तपासावें, आणि मूत्रपिंड व थायरॉईड ग्रंथि यांचीहि तपासणी करवावी. वैशाखाच्या उन्हांत शेतांत घाम गाळणें, जुलाब, ओकाऱ्या, पाण्याविना उपास, मीठ एकाएकीं तोडणें, किंवा दुकानांतून आणिलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, यांनीं रक्तांतील मात्रा वाढूं शकते. हात फार कांपूं लागले, तोल जाऊं लागला, जीभ जड झाली, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. दुसरींहि औषधें आहेत. कोणास कोणतें, हें डॉक्टरांनीं ठरवावें. मूल व्हावें अशी इच्छा असणाऱ्या बहिणीनें आधींच डॉक्टरांशीं बोलावें, कारण यांतील कांहीं औषधें गर्भास बाधतात. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यास आपण अविश्वासी म्हणत नाहीं. मग मनाची गोळी घेणाऱ्यासच कां म्हणावें?

तिसरी गोष्ट, सोबती. आपण एकटेच उरलों, असें एलीया म्हणत होता. देवानें त्यास सात हजारांची गोष्ट सांगितली, आणि अलीशा हा सोबती दिला. माटुंग्याला लागूनच माहीम आहे. तेथल्या एका गोमंतकीय ख्रिस्ती घराची गोष्ट जेरी पिंटो यांनीं ‘एम अँड द बिग हूम’ या इंग्रजी कादंबरींत २०१२ सालीं लिहिली. शांता गोखले यांनीं ती मराठींत आणिली आहे. लहानशा घरांत आईला हा विकार आहे. बाप रोज कामावर जातो, रोज घरीं परततो, आणि दोन मुलें चहा, विनोद व भीति यांत वाढतात. कोणी चमत्कार करीत नाहीं. परंतु तिला कोणी सोडीतहि नाहीं. अशा घरास मंडळीनें विचारावें कीं, आज रुग्णालयांत कोण बसणार, मुलांना जेवूं कोण घालणार.

जो बरा आहे त्या काळांतच त्यानें आपल्या माणसांशीं बसून ठरवावें : माझी झोंप घटली, खर्च वाढला, तर तुम्हीं मला सांगावें, आणि मीं ऐकावें. चढतीच्या दिवसांत जमीन विकण्याच्या किंवा कर्जाच्या कागदावर सही करूं नये. बँकेचें कार्ड कोणापाशीं ठेवावयाचें, हेंहि आधींच ठरवावें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें अशा माणसास आपला प्रतिनिधि नेमण्याचा व उपचारांविषयींची इच्छा आधीं लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्यानें रोग्यास सांखळीनें बांधण्यास मनाई केली आहे. तसेंच, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखालीं होता असेंच सामान्यतः धरून त्यास शिक्षा करूं नये, असें तो कायदा म्हणतो.

आणि मरणाची भाषा ऐकूं आली, तर ती कानाआड करूं नका. जीव द्यावासा वाटतो काय, असें त्यास प्रेमानें सरळ विचारा. विचारल्यानें तो विचार वाढत नाहीं. त्यास एकटें ठेवूं नका. पिकावर फवारण्याचें औषध घरांतून हलवा. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केला. तो रात्रंदिवस व फुकट आहे, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. त्याच दिवशीं त्यास जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलांत न्या.

चौथी गोष्ट, काम. होरेबावर देव वाऱ्यांत, भूकंपांत व अग्नींत नव्हता. त्यानंतर एक अगदीं मंद वाणी आली, आणि तिनें एलीयाला आल्या वाटेनें परत कामावर धाडिलें. देवानें त्यास निकामी ठरविलें नाहीं. मुंबईच्या लेखिका अपर्णा पिरामल राजे यांनीं हा विकार अंगावर वागवीत संसार व लेखन केलें, आणि त्याविषयीं २०२२ सालीं पुस्तकहि लिहिलें. आपल्या गांवांतल्या अशा मुलाला पुन्हां गायनांत उभें करा, शब्बाथशाळेचा वर्ग द्या, शेतांत वांटा द्या. आजारी पडला तर जागा राखून ठेवा, आणि परतला म्हणजे कांहीं न विचारतां ती द्या.

त्या भाकरीच्या बळावर एलीया चाळीस दिवस चालला. आमच्या या भावाबहिणींची वाट जन्माची आहे. आजार पुन्हां येईल, कदाचित् अनेकदां येईल. त्यामुळें हार झाली असें नव्हे. पुन्हां निजावें, पुन्हां खावें, पुन्हां उठावें, आणि चालावें. भाकर भाजून ठेवण्याचें काम आपलें आहे.

हे दयाळू बापा, ज्यांचें मन आज चढलें आहे त्यांस विसांवा दे, ज्यांचें उतरलें आहे त्यांस सकाळपर्यंत सांभाळ, आणि आम्हांस त्यांच्या उशाशीं भाकर व पाणी घेऊन बसावयास शिकीव. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.