हप्ता आणि वापसा

पैठणच्या खालच्या अंगाला, गोदाकाठच्या एका गावात, 2025 च्या पाडव्याला दोन चुलतभावांच्या दारात दोन नवे ट्रॅक्टर उभे राहिले. थोरल्याचा 55 एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह, वर एसी केबिन. धाकट्याचा 39 एचपीचा, टू व्हील, डोक्यावर नुसतं छत. दोघांची रानं आजोबांच्या एकाच सातबाऱ्यातून फुटलेली, बांधाला बांध लागून. थोरल्याची 11 एकर, धाकट्याची 9. काळी, भारी, खोल जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्या अशा की मनगटापर्यंत हात आत जातो. वरची भुसभुशीत माती त्या भेगांतून खाली पडत राहते, आणि माणसाचा हात लागण्याआधी जमीन स्वतःच स्वतःला एक पाळी घालून घेते.

दोघं भाऊ आदल्या डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या किसान प्रदर्शनाला बरोबर गेले होते. दिवसभर ट्रॅक्टर बघितले. धाकटा खाली वाकून हायड्रॉलिकचे लिव्हर, पीटीओचा शाफ्ट, पुढच्या एक्सलची उंची बघत राहिला. थोरला केबिनमध्ये चढला, दार ओढून घेतलं, आणि बाहेरचा सगळा गलका एकदम बंद झाला. तो बराच वेळ खाली उतरला नाही.

त्याला हौशी म्हणू नये. पंधरा वर्षं त्यानं उघड्या ट्रॅक्टरवर काढली होती. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचं भुसकट नाकातोंडात जाऊन रात्रभर खोकायचा. कमरेला पट्टा आला होता, उजव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं. केबिन म्हणजे चैन असं म्हणणाऱ्यानं मे महिन्यात भर दुपारी उघड्या ट्रॅक्टरवर दोन एकर रोटाव्हेटर मारावा आणि मग बोलावं. पण केबिनमुळे किंमत काही लाखांनी चढते. तेवढं कर्ज वाढलं आणि सहामाही हप्ताही त्याच मापानं फुगला. 11 एकरांतून तो निघणार नव्हता. भाड्याची कामं करून फेडू, असा थोरल्याचा हिशोब होता.

पाडव्याच्या संध्याकाळी दोन्ही ट्रॅक्टरना हार घातले, नारळ फुटले आणि गावातली माणसं भोवती जमली. एचपी किती, अॅव्हरेज किती, पॉवर स्टिअरिंग आहे का, किती क्विंटल उचलतो, असे प्रश्न सुरू झाले. थोरल्याच्या मागच्या टायरवर 16.9-28 लिहिलेलं होतं, धाकट्याच्या 13.6-28. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. थोरल्याची पुढची चाकंही इंजिनावर फिरणारी, त्यामुळे चांगली रुंद नि उंच. धाकट्याची पुढची चाकं साधी, फक्त वळायच्या कामाची. एकानं केबिनच्या काचेवर टकटक केली, दुसऱ्यानं आत डोकं घालून गार हवा खाऊन बघितली.

त्यांची एक काकू होती. नवरा गेल्यावर चार एकर रान आणि त्यातली मोसंबीची बाग तिनं एकटीनं सांभाळली. स्वतःचा ट्रॅक्टर नाही, सगळं काम भाड्यानं. ज्याला प्रत्येक पाळीचे पैसे मोजून द्यावे लागतात तो मालकापेक्षा बारीक नजरेनं यंत्र बघतो. दोन्ही ट्रॅक्टरभोवती फेरी मारून तिनं थोरल्याला विचारलं, "वजन किती रे ह्याचं?"

कुणाला सांगता येईना. थोरला म्हणाला, "काकू, वजन कशाला बघायचं? ओढतो किती ते बघा."

"ओढतो ते तुझं. वजन माझ्या रानावर पडणार."

लोक हसले. थोरल्यानं तिला समजावलं की टायर जेवढा रुंद तेवढं वजन पसरतं, जमीन दबत नाही. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. रुंद टायरात हवा कमी ठेवली तर वरची माती कमी दबते. पण वीतभराच्या खाली किती दाब जाणार हे एक्सलवर एकूण किती भार आहे त्यावर ठरतं, आणि तिथं टायरची रुंदी फारशी मदतीला येत नाही. वर दिसत नाही म्हणून हा दाब कुणी मोजत नाही.

काकूच्या बागेचं काम पहिल्याच महिन्यात धाकट्याकडे गेलं. झाडं वीस-वीस फुटांवर असली तरी जुनी, फांद्या खाली झुकलेल्या. केबिन आत शिरेना. थोरल्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याचा सगळा भरवसा उन्हाळी नांगरटीवर होता. पल्टी नांगराला त्याच्यासारखा ट्रॅक्टर पंचक्रोशीत नव्हता.

पण तो उन्हाळा भलताच निघाला. मे महिन्यातच अवकाळी पाऊस कोसळू लागला. 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचला, इतक्या लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. नांगरटीचे दिवस बघता बघता हातातून गेले. पावसाळाभर सुरू-बंद चाललं, आणि सप्टेंबरात मराठवाड्यावर जे कोसळलं ते इथं पुन्हा सांगवत नाही. गोदावरी रानात शिरली, कापूस उभ्या जागी काळा पडला, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. मळणीची कामं गेली. त्याच महिन्याच्या 22 तारखेला ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, आणि पाडव्याला घेतलेल्यांच्या जिवाला ते फार लागलं. थोरल्याचा पहिला हप्ता थकला.

पाणी ओसरलं तसं सगळ्यांचं लक्ष हरभऱ्याकडे लागलं. खरीप गेलं होतं, आता रब्बीवर घर चालायचं होतं. रानं वरून सुकल्यागत दिसत, पण पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. दिवाळीनंतर धाकटा पेरणी यंत्र घेऊन रानात उतरला आणि बांधापासून तीस पावलांवर त्याचं मागचं चाक जागीच फिरायला लागलं. थोरल्यानं साखळी लावून त्याला ओढून काढलं.

"बघ, म्हणून फोर व्हील घ्यायचा," तो म्हणाला. "मी कुठंच फसत नाही."

धाकटा मुकाट्यानं ट्रॅक्टर घरी घेऊन गेला. त्याच्यापाशी दुसरा इलाजच नव्हता. त्याच्या ट्रॅक्टरचं फसणं ही जमिनीची ताकीद होती, आणि ती मोडून पुढं जायची ताकद त्याच्या चाकात नव्हती. थोरल्याच्या चाकात ती होती. केबिनचं दार लावल्यावर चाक घसरतंय की माती धरतंय हे कानालाही कळत नव्हतं, आणि ओल्या मातीचा वास आत येत नव्हता. त्यानं आपलं रान तसंच पेरलं. मग शेजारच्यांची रानं घेतली. ज्यांचे ट्रॅक्टर बांधावर अडले होते ते सगळे त्याला फोन करत होते. नोव्हेंबरात कारखान्यांचं गाळप सुरू झालं, तेव्हा दिवसा उसाच्या ट्रॉल्या आणि रात्री दिवे लावून पेरणी, असं त्यानं धरलं. ट्रॉल्यांसाठी टायरात भरलेली कडक हवा पेरणीलाही तशीच राहिली. आणि उन्हाळ्यात नांगराला पकड यावी म्हणून मागच्या दोन्ही चाकांत भरून घेतलेलं पाणी काढायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एकेका चाकात अडीचशे लिटरच्या वर पाणी होतं.

काकूकडे तो आपण होऊन गेला. "सकाळी तुमचंही पेरून टाकतो."

काकू त्याला रानात घेऊन गेली. खुरप्यानं वरची दोन बोटं माती बाजूला केली, खालची मूठभर घेतली आणि दाबून गोळा केला. हात कमरेशी धरून गोळा सोडला. वापसा असता, म्हणजे ओल पेरणीजोगी असती, तर तो पडल्यावर फुटला असता. तो चपटा झाला आणि तसाच चिकटून बसला. तिनं दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी तेच केलं. तळहाताला माती लागून राहिली होती, ती तिनं पदराला पुसली.

"आठ दिवस थांब."

"आठ दिवसांनी माझा नंबर लागायचा नाही, काकू. आणि उशिरा पेरलं की उतारा घटतो."

"घटू दे थोडा. धाकट्याला सांगते मग."

थोरला चिडून निघून गेला. त्याचं चुकत होतं हे खरं, पण त्याला त्या रात्री झोप कशी लागत असेल याचाही विचार करावा. बँकेच्या कागदावर तारीख असते, वापसा नसतो. पाऊस लांबला तर पेरणी लांबते, पण हप्ता लांबत नाही. कर्ज रानाच्या मानानं मोठं झालं की रानाला हप्त्याच्या तारखेनं चालवावं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीत खरा दोष कुठं असेल तर इथं आहे. यंत्र चांगलंच होतं.

काकूचं आणि धाकट्याचं रान आठ-दहा दिवस उशिरा पेरलं गेलं.

डिसेंबरच्या शेवटी थोरल्याच्या रानात चाकोऱ्या लांबूनही ओळखू येऊ लागल्या. जिथून चाक गेलं होतं तिथं हरभरा टीचभर आणि पिवळा, मधल्या पट्ट्यात बरा. ओल्यात उलटलेल्या मातीची ढेकळं वाळून विटेसारखी झाली होती, पायानं ठोकरली तरी फुटत नव्हती. थोरल्यानं चाकोरीतलं एक झाड बाजूनं खणून, मुळी न तोडता उपटलं. मग बांध ओलांडून काकूच्या रानातलं एक. दोन्ही हातात धरून तो बराच वेळ बघत बसला. काकूच्या झाडाची मुळी सरळ खाली गेली होती, बाजूच्या मुळ्यांना गाठी धरलेल्या. त्याच्या झाडाची मुळी चार बोटं खाली गेली होती आणि तिथून काटकोनात वळून आडवी पसरली होती. खाली जायला वाटच मिळाली नव्हती.

त्यानं घरातून लोखंडी सळई आणली. काकूच्या रानात ती हाताच्या जोरानं दीड वीत गेली. त्याच्या चाकोरीत चार बोटांवर थांबली. अंगाचा भार टाकला तेव्हा वाकली.

दुसऱ्या दिवशी उसाची ट्रॉली खाली करून झाल्यावर त्यानं ट्रॅक्टर मोकळाच कारखान्याच्या वजनकाट्यावर चढवला. काट्यावरच्या माणसाला नवल वाटलं, पण त्यानं पावती फाडून दिली. सव्वातीन टन. त्यात पेरणी यंत्र धरलेलं नव्हतं. धाकट्यालाही त्यानं एक दिवस बळंच काट्यावर नेलं. तो दोन टनांच्या आसपास भरला.

पावती घेऊन थोरला काकूच्या ओट्यावर आला. "तुम्ही पाडव्याला विचारलं होतं."

काकूनं आकडा वाचला. ती त्याला काही बोलली नाही. आत जाऊन चहा ठेवला आणि धाकट्याला हाक मारून बोलावून घेतलं.

त्या दिवशी तिघांनी बसून जे ठरवलं त्यात भांडणही बरंच झालं. मागच्या चाकांतलं पाणी नांगरटीपुरतं भरायचं, एरवी काढायचं. ट्रॉलीवरून रानात येताना हवा उतरवायची. मागच्या टायरात 12 ते 14 पीएसआय रानाला पुरते. त्यासाठी हवा मोजायचा काटा विकत आणायचा, बोटानं दाबून अंदाज करायचा नाही. बाग, कोळपणी, पेरणी ही कामं तिघांच्या रानांत धाकट्याच्या हलक्या ट्रॅक्टरनं. नांगरट, मळणी, वाहतूक थोरल्याच्या ट्रॅक्टरनं, आणि त्याचे पैसे रोख, म्हणजे हप्त्याला आधार. मळणीच्या धुळीत केबिनमध्ये बसायची पाळी धाकट्यालाही मिळावी असं काकू म्हणाली, आणि थोरल्यानं ते लगेच कबूल केलं. डिझेल कुणी घालायचं यावर मात्र आवाज चढले.

दबलेल्या चाकोऱ्यांचं काय, हा प्रश्न उरला. खालचा घट्ट थर फोडायला सबसॉयलर लागतो. तो दीड-दोन फूट खोल ओढायचा तर थोरल्याचाच ट्रॅक्टर हवा, 39 एचपीचं ते काम नाही. धाकट्याच्याही रानात वर्षानुवर्षं रोटाव्हेटर एकाच खोलीवर फिरून तसा थर बसला होता, हे सळईनं दाखवलं. पण सबसॉयलर कोरड्यातच चालवायचा. ओल्या मातीत तो थर फोडत नाही, नुसती चीर पाडून जातो.

"मेमध्ये मारू," थोरला म्हणाला. "आधी माझं, मग तुमचं."

"आणि गेल्या साली आला तसा मेमध्येच पाऊस आला तर?" काकूनं विचारलं. "हप्ता तर तेव्हाही असणारच."

थोरल्यानं पावतीची घडी घालून खिशात ठेवली. "बँकेत मी जाऊन बोलतो. रान ओलं असलं तर पुढच्या साली मारू."

"भाडं काय लावणार?" धाकट्यानं विचारलं, आणि पुन्हा भांडण सुरू झालं.