जबाबदारी आणि जाब

कार्यालयीन टिप्पणीत एखादा इंग्रजी शब्द वर्षानुवर्षे लिहीत राहिले, की त्याच्या अर्थाकडे लक्ष जाईनासे होते. 'रिस्पॉन्सिबिलिटी' हा असाच एक शब्द. त्याच्या आगेमागे 'ड्यूटी', 'लायबिलिटी' आणि 'अकाउंटेबिलिटी' ही त्याची भावंडे वावरत असतात, आणि मराठीत आणताना या चौघांनाही आपण पुष्कळदा 'जबाबदारी' हा एकच अंगरखा चढवतो. नित्याच्या व्यवहारात ही सोय खपून जाते. परंतु ज्याच्या सहीमुळे परक्या माणसांच्या आयुष्यात बरेवाईट घडते, अशा मनुष्याने या शब्दांची सरमिसळ होऊ दिली, तर त्याच्या विवेकाचाच घोटाळा होण्याचा संभव आहे.

यांपैकी दोघांचा निकाल लवकर लागतो. 'ड्यूटी' म्हणजे मुळात देणे, जे चुकते करावयाचे ते. ती नेमून दिलेली असते आणि पार पाडली की संपते. आपल्या बोलण्यात तर ती आठ तासांची झाली आहे. मनुष्य ड्यूटीवर जातो आणि ड्यूटीवरून सुटतो. 'लायबिलिटी' ही कायद्याची बांधीलकी. बहुधा ती पैशांत मोजता येते, आणि म्हणूनच दुसऱ्यावर सोपवताही येते. मोटारीखाली सापडलेल्या माणसाची नुकसानभरपाई विमा कंपनी देते. तेवढ्यापुरता मोटारमालक मोकळा होतो. त्या माणसाविषयी चालकाला रात्री जे वाटते, ते मात्र कोणत्याही विमापत्रात बसत नाही.

खरा प्रश्न उरलेल्या दोघांचा आहे. 'अकाउंटेबिलिटी'त हिशेब आहे, मोजदाद आहे. कोणी तरी काही सोपवले, त्याचा जमाखर्च त्याच्यापुढे मांडावयाचा, असे ते चित्र. 'रिस्पॉन्सिबिलिटी' हे नाम इंग्रजीत त्या मानाने अलीकडचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेची चर्चा चालू असता १७८७-८८ मध्ये जे 'फेडरलिस्ट' निबंध प्रसिद्ध झाले, त्यांत ते ठळकपणे दिसते. पण त्याच्या मुळाशी असलेले लॅटिन क्रियापद जुने आहे. त्यात उत्तर देणे आहे, आणि उत्तराच्याही आत वचन देणे आहे. हिशेब हा झालेल्या गोष्टीचा असतो; वचन व्हावयाच्या गोष्टीचे असते. माझ्या मते या दोन शब्दांमधील सारे अंतर येथे आहे. हिशेबाला घेणारा लागतो. कोणी विचारलेच नाही, तर हिशेब देण्याचा प्रसंगच येत नाही. वचनाला मात्र विचारणारा लागतोच असे नाही.

इंग्रजीची आणखी एक लकब पाहण्यासारखी आहे. पुराला अतिवृष्टी 'रिस्पॉन्सिबल' होती असे इंग्रज खुशाल म्हणतो, पण अतिवृष्टीला तो कधी 'अकाउंटेबल' म्हणणार नाही. म्हणजे पहिल्या शब्दात निव्वळ कारण होणे हाही अर्थ मिसळला आहे. मराठीत तर ही गुंतागुंत एका प्रत्ययाने वाढवली आहे. 'मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे' आणि 'फुटलेला रूळ अपघाताला जबाबदार आहे' या दोन्ही वाक्यांत 'ला' तोच. पहिल्यात कोणापुढे उत्तर द्यावयाचे ते सांगितले, दुसऱ्यात कशामुळे काय घडले ते. इंग्रजी येथे दोन वेगळी अव्यये वापरते आणि निदान पेच दाखवून तरी देते.

यावरून मराठी दरिद्री आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे 'जाब विचारणे' हा अस्सल प्रयोग आहे, आणि तो 'अकाउंटेबिलिटी'च्या गाभ्याला जितका नेमका भिडतो तितका कोशकारांचा 'उत्तरदायित्व' भिडत नाही. 'जाब' आणि 'जबाबदारी' दोन्ही त्या एकाच 'जवाब'ची लेकरे; पण 'जाब' म्हटले की विचारणारा समोर उभा राहतो. ज्यांची नोकरी उत्तरेत झाली, त्यांना आणखी एक गंमत ठाऊक असेल. हिंदीने 'जवाबदेही' हा शब्द हिशेब देण्यासाठी राखला आणि आपल्या 'जबाबदारी'चे काम 'जिम्मेदारी'कडे सोपवले. बंगालीत नित्याचा शब्द 'दायित्व'. तोच मराठीत आला की कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसतो. आणि या सर्वांहून घरगुती असा आपला 'जोखीम' हा शब्द. 'जोखमीचे काम' म्हणताना धोका आणि विश्वास दोन्ही एकदम मनात येतात. घरातील दागदागिन्यांनाही आपण 'जडजोखीम' म्हणत आलो, ते यामुळेच असावे.

शब्दांच्या या भेदावर माणसांचे वागणे कसे अवलंबून असते, हे दोन जुन्या प्रसंगांवरून दिसते. नोव्हेंबर १९५६ मध्ये मद्रास राज्यात अरियलूरजवळ पुराने पूल खचून आगगाडी नदीत गेली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी तो देऊ केला होता, पण तेव्हा तो स्वीकारला गेला नव्हता. या खेपेस पंडित नेहरूंनी तो स्वीकारला, आणि स्वीकारताना लोकसभेत स्पष्ट केले की शास्त्री या अपघातास कोणत्याही प्रकारे जबाबदार आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा एक पायंडा पडावा म्हणून. नेहरूंनी तेथे शब्द वापरला तो कारणाच्या अर्थाने, आणि त्या अर्थाने त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पूल शास्त्रींनी बांधला नव्हता. परंतु शास्त्री ज्या अर्थाने स्वतःला जबाबदार समजत होते, तो वचनाचा होता. त्यांना कोणी जाब विचारून पायउतार केले नव्हते.

दुसरा प्रसंग याच्या उलट. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत तो प्रश्न धसास लावला आणि न्यायमूर्ती छगला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. व्यवहार आपल्या सचिवाने केला, अशी अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांची भूमिका होती. सचिवाच्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यास टाळता येत नाही, असा छगलांचा निष्कर्ष निघाला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींना जावे लागले. येथे जाब होता, साक्षी होत्या, श्रोत्यांनी भरलेले दालन होते. पहिल्या प्रसंगातले स्वतःहून पुढे होणे तेवढे नव्हते.

मंत्र्यांच्या या गोष्टी अधिकाऱ्यांना दूरच्या वाटतील. त्यांच्या टेबलावर प्रश्न निराळ्या रूपाने येतो. फाईल पूर्ण आहे, प्रत्येक पानावर क्रमांक आहे, खालच्याचे मत आणि वरच्याची संमती आहे, लेखापरीक्षकाला बोट ठेवायला जागा नाही. आणि तरीही त्या आदेशाने एखादे गाव वर्षभर पाण्यावाचून राहते. अशा वेळी हिशेब चोख असतो आणि जबाबदारी कोणाचीच नसते. ती इतक्या सह्यांत वाटली जाते की प्रत्येकाच्या वाट्याला फक्त आद्याक्षरे येतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती फाईल नागरिकाला दाखवली, हे मोठेच काम झाले. त्याच्या उद्देशिकेत शासनाला शासितांपुढे 'अकाउंटेबल' करण्याची भाषा आहे, आणि कायदा तेवढेच करू शकतो.

याचा अर्थ हिशेब गौण, असा काढणारेही भेटतात. 'मी फक्त माझ्या सदसद्विवेकबुद्धीला जबाबदार' असे म्हणणारा अधिकारी मला त्या निर्दोष फाईलवाल्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, भीतिदायक वाटतो. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याचे वचन त्याने पाळले की नाही हे कळावे कसे?

अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत या दोन्ही शब्दांची गाठ एका ठिकाणी पडते. अधिकाऱ्याने आपल्या उत्तमोत्तम निर्णयबुद्धीनुसार वागावे. वरिष्ठाच्या निर्देशानुसार वागत असेल तर गोष्ट वेगळी. आणि तो निर्देश सामान्यतः लेखी असावा, तोंडी असेल तर त्याची लेखी पुष्टी मागावी. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी आदेश नोंदवून ठेवण्यावर भर दिला. बदलीची टांगती तलवार असता वरिष्ठाकडे असा कागद मागणे किती अवघड आहे, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. पण तो कागद मिळालाच, तर त्याने नेमके काय मिळते? उद्या जाब विचारणारा वरिष्ठाकडे जाईल, एवढे मिळते. तो निर्देश आपल्या निर्णयबुद्धीला पटला होता की नाही, आणि पटला नव्हता तर तसे आपण फाईलवर लिहिले होते की नाही, हे त्या कागदावर नसते. ते त्याच्या आधीच्या पानावर असते, किंवा ते पान कोरे असते.