उपाधी कोणाची?

हैदराबादजवळच्या मुचिंतल इथे रामानुजाचार्यांच्या २१६ फुटी मूर्तीचे लोकार्पण फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा हैदराबाद विभाग सुरू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण रामानुजांनी अद्वैत्यांना जो प्रश्न विचारून अडचणीत आणले, त्या प्रश्नाला सर्व्हरवर रोज चालणाऱ्या ‘कंटेनर’ नावाच्या एका व्यवस्थेत नवा दृष्टान्त सापडतो, असे माझे म्हणणे आहे. तत्त्व एकच असेल तर ते अनेक कसे होते? गौडपादांनी मांडूक्य कारिकांच्या तिसऱ्या प्रकरणात घटाकाशाचा दाखला दिला: आकाश एकच, घड्यांच्या उपाधीमुळे, म्हणजे मर्यादा घालणाऱ्या वस्तूमुळे, ते वेगवेगळे भासते, घडा फुटला की वेगळेपण संपते. रामानुजांनी श्रीभाष्यात विचारले, की हे वेगळेपण घडवणारी अविद्या राहते कोठे? जीवाच्या आश्रयाने म्हणावे, तर जीव हा तिचाच परिणाम. ब्रह्माच्या आश्रयाने म्हणावे, तर ते ज्ञानस्वरूप आहे, तिथे अज्ञानाला जागा कुठली? दृष्टान्तातली अडचण याहून साधी आहे. घडा मातीचा असतो. आकाशाला मर्यादा पडावी म्हणून आकाशाहून वेगळी वस्तू आधीच गृहीत धरावी लागते, आणि मग ‘एकच’ हा शब्द उरत नाही.

आता कंटेनरमध्ये लिनक्स चालवले जाते तेव्हा काय घडते ते पाहू. होस्ट मशीनवर समजा उबुंटू आहे आणि त्यावर अल्पाइन लिनक्सचा कंटेनर सुरू केला. आत शिरल्यावर सगळा संसार अल्पाइनचा दिसतो: फायली त्याच्या, पॅकेज मॅनेजर त्याचा, होस्टनेम वेगळे, नेटवर्कचा पत्ता वेगळा. पण आतून कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती विचारली की उत्तर होस्टच्या कर्नेलचे येते, कारण आत दुसरा कर्नेल नसतोच. आतली पहिली प्रोसेस स्वतःला १ क्रमांकाची समजते. बाहेरून तिच्याचकडे पाहिले तर तिचा क्रमांक समजा ४८१२ असतो. युजर नेमस्पेस, म्हणजे वापरकर्त्यांच्या ओळखीची वेगळी चौकट, वापरली असेल तर आतला रूट, म्हणजे आतल्या फायलींचा सर्वाधिकारी, बाहेरच्या हिशेबात एक साधा, अधिकार नसलेला वापरकर्ता असतो. दोन्ही उत्तरे खरी असतात. ती देतो एकच कर्नेल, विचारणारा कुठे उभा आहे ते पाहून. २००८ सालच्या २.६.२४ या आवृत्तीपासून प्रोसेस-क्रमांकांच्या नेमस्पेसेस आणि संसाधनांचा वाटा ठरवणारे सीग्रुप्स कर्नेलमध्ये आहेत. २०१३ मध्ये डॉकर आले आणि हे सगळे सर्वांच्या हाती पडले.

यातली माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट अशी, की कंटेनरची भिंत दुसऱ्या कुठल्या द्रव्याची नाही. ती कर्नेलचीच नोंद आहे, कर्नेलच ती ठेवतो आणि प्रत्येक सिस्टीम कॉलच्या वेळी पाळतो. ज्याला मर्यादा पडली, त्यानेच ती घातली. मर्यादा पडूनही तो स्वतः उणा झालेला नाही. हे चित्र घटाकाशापेक्षा ज्ञानदेवांच्या अमृतानुभवाच्या जवळचे आहे. त्या ग्रंथाचे सातवे प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला वाहिलेले आहे: जगाची उपपत्ती लावायला अज्ञान नावाची वेगळी शक्ती मानण्याची गरजच नाही, जग हे त्या एकाचेच स्फुरण आहे. हैदराबादच्या मराठी वाचकाला हा विचार दूरचा वाटण्याचे कारण नाही; पैठणजवळचे ज्ञानदेवांचे आपेगाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते.

मायावादी यावर गप्प बसणार नाही. तो म्हणेल, कर्नेलमध्ये ‘कंटेनर’ नावाची एक वस्तू मुळात नाहीच. नेमस्पेसेस, सीग्रुप्स आणि काही निर्बंध एकत्र आले की त्यांना आपण ते नाव देतो. मग भेद नुसता नामरूपाचाच झाला ना? आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे, निष्कर्ष मात्र बरोबर नाही. दोरीवरचा साप दोरी ओळखली की जातो. कंटेनरमधल्या प्रोसेसला आपण कंटेनरमध्ये आहोत हे बऱ्याचदा आतूनच कळू शकते, आणि कळल्याने भिंत तसूभरही हलत नाही. अद्वैताकडे याचेही उत्तर आहे, सोपाधिक भ्रमाचे: जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक लाल नाही हे कळले तरी फूल आहे तोवर तो लालच दिसतो. उत्तर चांगले आहे, पण त्यात पुन्हा फूल आलेच, स्फटिकाहून वेगळे. कंटेनरमध्ये असे फूल दाखवता येत नाही. म्हणून हा भेद भ्रम ठरत नाही, आणि दुसरे तत्त्वही ठरत नाही. तो त्या एकाने केलेला, खरा, व्यवहारात टिकणारा भेद आहे.

दृष्टान्ताने सिद्धान्त सिद्ध होत नाही, हेही कोणी म्हणेल. मान्य. कर्नेल जड आहे, त्याला काही जाणवत नाही. शिवाय क्लाउडवर तो स्वतःच बऱ्याचदा एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत असतो, म्हणजे इथला ‘एक’ दुसऱ्या कशात तरी बसलेला. त्याला ब्रह्म म्हणायचा माझा हेतू नाही. एकाच द्रव्यात, दुसऱ्याची मदत न घेता, खरा भेद असू शकतो का, एवढाच मुद्दा आहे. तो विसंगत आहे असे म्हणणाऱ्याला एक चालते उदाहरण दाखवता येते. एवढे काम दृष्टान्ताने करावे.

सर्वांत अवघड आक्षेप सुखदुःखाचा. एकच तत्त्व असेल तर एकाचे दुःख सर्वांना का होत नाही? गौडपाद म्हणतात, एका घड्यातल्या धुळीने वा धुराने सगळ्या घड्यांतले आकाश मळत नाही. कंटेनरही काही अंतरापर्यंत हेच सांगतो: एकाने मेमरीची मर्यादा ओलांडली तर कर्नेल त्याच गटातली प्रोसेस मारतो, शेजारचे कंटेनर चालू राहतात. पण कर्नेलच कोसळला तर सगळे एका क्षणी बंद पडतात. आणि २०१६ मध्ये उघड झालेला ‘डर्टी काऊ’ हा कर्नेलमधला दोष कंटेनरच्या आतूनही वापरता येत होता, म्हणजे आतल्याची करणी थेट मुळापर्यंत पोचत होती. वेदान्ताचे कोणतेही ब्रह्म असे मळणारे नाही. जीवाचे दोष ब्रह्माला का लागत नाहीत, हे रामानुजांना शरीर आणि आत्मा यांच्या नात्याने समजावून सांगावे लागले. अमृतानुभवाच्या बाजूने बोलणाऱ्यालाही ते सांगावेच लागेल, आणि त्या कामी कर्नेल त्याच्या उपयोगी पडणार नाही.