पत्री

परळी वैजनाथच्या बाजारात नालबंदाकडं घोडी कमी, बैलच जास्त यायचे. घोड्याच्या खुराला एक नाल पुरते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून चार पायांना आठ पत्र्या. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायच्या आधी रांगच लागायची. दोरीनं पाय आवळून बैल आडवा पाडायचा, वाढलेला खूर तासायचा, मग खिळे.

"दुखत नाही का हो मामा?"

"नख कापल्यावर तुला दुखतंय का?"

खरंच आहे. खुराचं बाहेरचं कवच निर्जीव असतं; खिळा आत जिवंत भागाला लागला तरच बैल लंगडतो.

पण पत्री बैलाच्या सोयीसाठी, हे मला पटत नाही. काळ्या रानात त्याला ती लागतच नाही. डांबरी सडक आपली, गाडीतला दीड-दोन टन ऊस आपला, मुकादमाकडून उचलही आपणच घेतलेली. पत्री नाही मारली तर सडकेनं खूर झिजतो, बैल पाय टेकवत नाही. म्हणजे मारणं ही दयाच. फक्त तिची गरज आपण लावली. उचल घेणारा निदान अंगठा तरी उठवतो. बैलाला कोण विचारतं?

मामांना हे बोललो, तर म्हणाले, "त्याला इचारत बसलास तर घरी भाकर कोण आणील?" हेही खोटं नाही. पोळ्याला ज्याच्या पाया पडायचं, त्यालाच महिना-दीड महिन्यात पाडायचं. आणि हंगामात पत्री झिजली, की कारखान्याच्या तळावर पुन्हा.